कोस्टा मेसाचा साचा

जुलै महिन्यात लॉस एंजेलिसच्या किनाऱ्यावरून शिडाची बोट हवाईच्या दिशेने सुटली, की पहिले काही दिवस तिच्यावरच्या माणसांचे हाल असतात. वारा समोरून किंवा आडवा, पाणी थंडगार, आभाळ करडे आणि अंगावरचे कपडे सतत ओले. मग वारा हळूहळू मागे सरकू लागतो. ईशान्येचे व्यापारी वारे एकदा पाठीशी लागले, की ते थेट हवाईपर्यंत साथ करतात. मागून आलेली लाट बोटीची पिछाडी उचलते, नाळ खाली झुकते आणि सारी बोट लाटेच्या उतारावरून घसरत सुटते. होनोलुलूच्या डायमंड हेडपाशी संपणारी ही २,२२५ सागरी मैलांची शर्यत ‘ट्रान्सपॅक’ म्हणून ओळखली जाते. १९०६ मध्ये ती पहिल्यांदा झाली.

या शर्यतीच्या विजेत्यांच्या यादीत १९६५ साली ‘सायकी’, १९६७ साली ‘हॉलिडे टू’ आणि १९६९ साली ‘आर्गोनॉट’ अशी नावे लागोपाठ येतात. मालक तीन, बोटी तीन. पण तिन्ही बोटी एकाच साच्यातून निघालेल्या. त्यांच्या जातीचे नाव ‘कॅल ४०’. कुणा धनाढ्याने नामांकित गोदीत स्वतःसाठी मुद्दाम बांधून घेतलेली ही बोट नव्हती. लॉस एंजेलिसच्या दक्षिणेला कोस्टा मेसा नावाचे शहर आहे. तिथे त्या काळी डबल बीची शेते होती आणि त्या शेतांच्या मुलखात बसकी, पत्र्याच्या छपरांची कारखान्यांची शेड उभी राहत होती. अशाच एका कारखान्यात ही बोट तयार होत होती. पैसे भरले, नंबर लावला, की ती कुणालाही मिळत होती.

शर्यत जिंकणारी बोट आणि बायकामुलांना घेऊन सुट्टीवर जाण्याची बोट एकच असावी, ही इच्छा जुनी आहे. इंग्रजीत तिला ‘रेसर-क्रूझर’ असे जोडनाव पडले. आठवडाभर शर्यत आणि पुढचे पंधरा दिवस सहल, दोन्ही एकाच सांगाड्यावर. लाकडाच्या जमान्यातही अशा बोटी होत्या, आणि फार देखण्या होत्या. ‘फिनिस्टेअर’ ही स्पार्कमन अँड स्टीफन्स यांनी रेखलेली लाकडी बोट तर १९५६, १९५८ आणि १९६० अशा तीन बर्म्युडा शर्यती ओळीने जिंकली. तिच्यात तिचे मालक कार्लटन मिचेल आरामात राहतही असत. पण अशी बोट बांधायची म्हणजे कणा घालायचा, त्यावर एकेक बरगडी वाफवून वाकवायची, फळी मापून तासायची, सांध्यांत सूत ठोकायचे. महिनोन् महिने कुशल सुतारांचे हात लागत. दुसरी तशीच बोट हवी असेल, तर सगळे पुन्हा पहिल्यापासून. पुढे दरवर्षी खरवडणे, रंगवणे आणि कुजलेली फळी बदलणे आलेच.

हे चक्र काचेने मोडले.

१९३२ साली अमेरिकेतल्या ओहायो राज्यात ओवेन्स-इलिनॉय या काच कंपनीत डेल क्लाइस्ट नावाचा तरुण संशोधक काचेचे ठोकळे एकमेकांना जोडण्याच्या खटपटीत होता. वितळलेल्या काचेच्या धारेवर दाबाच्या हवेचा झोत पडला आणि काचेचे केसासारखे बारीक तंतू उडाले. त्याचे वरिष्ठ गेम्स स्लेटर यांनी या अपघातातून पुढे तंतू काढण्याची कारखानी पद्धत उभी केली. १९३८ मध्ये ओवेन्स-कॉर्निंग ही स्वतंत्र कंपनी निघाली. साधारण याच सुमारास पॉलिएस्टर रेझिन तयार झाले. मधासारखा दाट असा हा द्रव; त्यात थोडे उत्प्रेरक मिसळले, की भट्टीशिवाय, दाबाशिवाय घट्ट होतो. काचेचा तंतू ताण सोसतो पण आकार धरत नाही, रेझिन आकार धरते पण एकटे असले तर तडकते. दोघांची गाठ पडली आणि दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या रडारवरची आवरणे त्यातून बनू लागली. १९४२ मध्ये ओहायोतल्याच टोलिडो शहरात रे ग्रीन यांनी याच मिश्रणाची छोटी शिडाची होडी बनवली.

युद्ध संपल्यावर प्रश्न एकच उरला: होडी ठीक, पण समुद्रात आठवडा काढणारी बोट या पदार्थाची करावी का? १९५१ मध्ये ऱ्होड आयलंडच्या वॉरन गावात सिडनी हेरेशॉफ यांनी रेखलेली ४२ फुटी ‘एरियन’ तयार झाली. १९५६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरावरल्या सॉसालिटोमध्ये फिलिप ऱ्होड्स यांच्या आराखड्यावरून ‘बाउंटी २’ निघाली. ही जवळपास ४१ फुटी बोट साच्यातून पुन्हा पुन्हा काढण्यासाठीच होती. मग आले १९५९ चे न्यूयॉर्कचे बोट प्रदर्शन. क्लिंटन आणि एव्हरेट पिअर्सन या चुलतभावांनी कार्ल अल्बर्ग यांनी रेखलेली २८ फुटी ‘ट्रायटन’ तिथे मांडली. किंमत दहा हजार डॉलरच्या आत. प्रदर्शन संपेपर्यंत १७ मागण्या हाती आल्या होत्या. पुढे सातशेच्या आसपास ट्रायटन बनल्या. मध्यमवर्गीय माणसाला समुद्रात नेणारी बोट परवडू शकते, हे त्या प्रदर्शनात उघड झाले.

या पहिल्या पिढीच्या फायबरग्लास बोटींत एक गोष्ट मात्र जुनीच राहिली होती. पदार्थ बदलला, आकार लाकडाचाच होता. लांबलचक कणा, त्याच्या मागच्या कडेला टांगलेले सुकाणू, जड पोट. काच आणि रेझिनला हव्या त्या दिशेने वळवता येते, मग त्यांनी फळ्यांचाच आकार का धरून बसावे, हा प्रश्न विचारण्याची हिंमत कॅलिफोर्नियात दाखवली गेली.

जॅक जेन्सन यांनी १९५७ मध्ये कोस्टा मेसात ‘जेन्सन मरीन’ सुरू केली. आराखड्यांसाठी त्यांनी बिल लॅपवर्थ यांना धरले. मिशिगन विद्यापीठात नौकारचना शिकलेले लॅपवर्थ युद्धानंतर पश्चिम किनाऱ्यावर येऊन स्थिरावले होते. त्यांच्या लाकडी बोटी ट्रान्सपॅकमध्ये आधीच नाव काढत होत्या. बोट जितकी हलकी तितकी ती मागच्या वाऱ्यात लाटेवर सहज चढते, हे त्यांनी पाण्यावर पाहिले होते. जेन्सन यांच्यासाठी त्यांनी आधी लहान बोटी काढल्या. त्यांतली १९६१ ची ‘कॅल २०’ तर जवळपास दोन हजारांच्या घरात बनली. मोठ्या बोटीचा आग्रह धरला जॉर्ज ग्रिफिथ या लॉस एंजेलिसच्या जाणत्या शर्यतवीराने. १९६३ मध्ये कॅल ४० ची पहिली बोट पाण्यात उतरली, ती ग्रिफिथ यांचीच. तिचे नाव ‘पर्सेफनी’.

आकडे पाहिले तर कॅल ४० चे वेगळेपण कळते. लांबी ३९ फूट ४ इंच, रुंदी ११ फूट, पाण्यात बुडणारी खोली ५ फूट ७ इंच. वजन १५,००० पौंड, त्यातले ६,००० पौंड केवळ तळातले शिसे. आज हे वजन कुणाला हलके वाटणार नाही. पण तेव्हाच्या चाळीस फुटी सागरी बोटींच्या मानाने ते कमीच होते. पाण्यालगतची लांबी ३० फूट ४ इंच. हा आकडा महत्त्वाचा, कारण पाणी कापत चालणाऱ्या बोटीचा वेग तिच्या पाण्यालगतच्या लांबीवर अडतो. लांबीच्या वर्गमुळाला १.३४ ने गुणले, की तिची नॉटमधली मर्यादा निघते. कॅल ४० साठी ती सुमारे ७.४ नॉट. त्यापुढे बोट स्वतःच उठवलेल्या लाटेच्या खळग्यात अडकते आणि कितीही शीड लावले तरी तिथून वर येत नाही. जड बोटीची कथा इथेच संपते.

लॅपवर्थ यांनी या खळग्यातून बाहेर पडण्याची वाट बोटीच्या तळातच ठेवली. पोट उथळ, पिछाडीकडे सपाट होत गेलेले. मागून लाट आली की बोट पाणी कापायचे सोडून त्यावर तरंगत धावू लागते आणि वेग दहा नॉटच्या पुढे जातो. पण लाटेवरून घसरणारी बोट सरळ ठेवायची तर सुकाणूला पकड हवी. म्हणून त्यांनी लांब कणा तोडून मधोमध आखूड पंख्यासारखा ठेवला, आणि सुकाणू त्यापासून सोडवून अगदी मागे, एका दांड्यावर, स्वतंत्र बसवले. दाराची कडी बिजागरीपासून जितकी दूर तितका जोर कमी लागतो, तोच हिशेब. शिवाय कणा आखूड झाल्याने पाण्याशी घासणारा पृष्ठभाग कमी झाला आणि मंद वाऱ्यातही बोट चालू लागली.

ही कल्पना अगदी नवी होती असे नाही. नॅथनिएल हेरेशॉफ यांनी १८९१ मध्येच ‘डिलेमा’ या छोट्या बोटीला पंखासारखा कणा दिला होता. पण महासागरातल्या शर्यतीसाठी, ज्या बोटीवर लोक जीव सोपवणार आहेत तिच्यासाठी, एका दांड्यावर लटकणारे सुकाणू म्हणजे अनेक जुन्या खलाशांना धाडस वाटे. तो दांडा मोडला तर काय? या प्रश्नाचे उत्तर कागदावर देता येण्यासारखे नव्हते. ते हवाईच्या वाटेवरच मिळायचे होते.

साच्याची बोट कशी बनते, ते जवळून पाहण्यासारखे आहे. आधी लाकडाचा पूर्ण आकाराचा नमुना करतात. बोटीला द्यायची तीच वळणे, तोच तुकतुकीतपणा त्याला द्यावा लागतो, कारण नमुन्यावर राहिलेला ओरखडा पुढच्या प्रत्येक बोटीवर उमटणार असतो. या नमुन्यावरून फायबरग्लासचाच उलटा साचा काढतात. साच्याच्या आतल्या बाजूला मेणाचे हात फिरवले जातात. एकदा, दोनदा, अनेकदा. मग रंगीत जेलकोटचा पातळ थर. बोट पाण्यात असताना लोकांना जो चमकदार पांढरा रंग दिसतो, तो खरे तर सगळ्यात आधी लावलेला असतो. लाकडी बोटीला रंग शेवटी मिळतो. साच्याच्या बोटीला तो जन्माआधीच मिळतो.

जेलकोट चिकट असतानाच त्यावर काचतंतूंची सुटी चटई अंथरतात, तिच्यावर रेझिन ओततात, त्यावर विणलेले जाड काचकापड, पुन्हा रेझिन, पुन्हा चटई. कामगार साच्यात उतरून खाचांचे रूळ फिरवत असतात. थरात हवेचा बुडबुडा राहिला, तर तिथे पुढे पाणी शिरणार. कापड भिजले, की त्याचा पांढरेपणा जाऊन ते काचेसारखे पारदर्शक होते. कुठे कोरडे राहिले ते डोळ्यांनाच दिसते. उत्प्रेरक मिसळल्यापासून घड्याळ सुरू होते. रेझिन आतून तापत जाते आणि काही वेळाने हाताखालीच घट्ट होऊ लागते. स्टायरीनचा उग्र वास नाकात, काचेची खाज मनगटांवर. हे काम यंत्राचे नव्हते. साचा एकच असला तरी प्रत्येक थर माणसाच्या हाताने दाबलेला असे, आणि कारखान्याची अब्रू त्या रूळ फिरवणाऱ्या हातांवर टिकून होती.

पोट तयार झाले, की त्यात प्लायवूडच्या आडभिंती काचपट्ट्यांनी पक्क्या चिकटवतात. या भिंती खोल्या पाडतात आणि बोटीला पीळ पडू देत नाहीत. डेक दुसऱ्या साच्यात तयार झालेला असतो. तो वर बसवून कडेने जोडला, की डबीचे झाकण लागल्यासारखे दोन्ही भाग एक होतात. त्या काळी किती जाडी पुरेल, याचा दीर्घ अनुभव कुणाकडेच नव्हता. म्हणून सावध कारखानदार थर सढळ हाताने घालत. साठच्या दशकातली कितीतरी पोटे आजही शाबूत आहेत, त्याचे मोठे श्रेय या सढळपणाला जाते.

साच्याचा हिशेब मात्र संख्येवर चालतो. एकच बोट हवी असेल, तर नमुना आणि साचा यांचा खर्च अंगावर येतो. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या अक्वेरियस कारखान्यात भारतीय नौदलासाठी ५६ फुटी ‘म्हादेई’ बांधली गेली, तेव्हा वाट वेगळी होती. सिडारच्या लाकडी पट्ट्या जोडून बोटीचा आकार उभा केला आणि त्यावर फायबरग्लासचे कवच चढवले. साच्यावर खर्च नाही, पण घासून गुळगुळीत करण्याची मेहनत मोठी. २००९ मध्ये पाण्यात उतरलेल्या त्याच बोटीने कमांडर दिलीप दोंदे यांना एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा घडवली. काच आणि रेझिन ही जोडी दोन्हीकडे होती. कोस्टा मेसात ती शेकडो घरांसाठी राबली, दिवाडीत एका मोहिमेसाठी.

सुकाणूचा दांडा मोडला तर काय, या प्रश्नाचे उत्तर कॅल ४० ने लवकर दिले. १९६५ च्या ट्रान्सपॅकमध्ये ‘सायकी’ विजेती ठरली आणि शंका विरल्या. पण मागच्या वाऱ्याची बोट म्हणून हिणवणारेही होतेच. त्यांना अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याने उत्तर दिले. न्यूपोर्टहून बर्म्युडापर्यंतची ६३५ मैलांची शर्यत गल्फ स्ट्रीम ओलांडून जाते. तिथे समोरच्या वाऱ्यात, उलटसुलट लाटांत बोटीची परीक्षा होते. १९६६ मध्ये ती ‘थंडरबर्ड’ने जिंकली. ही कॅल ४० होती टी. व्हिन्सेंट लिअर्सन यांची, जे त्या वर्षी आयबीएमचे अध्यक्ष झाले होते. त्याच वर्षी फ्लोरिडाच्या पाण्यातली एसओआरसी ही हिवाळी शर्यतमालिका ‘व्हॅम्प एक्स’ने जिंकली. तिचे कप्तान होते टेड टर्नर, पुढे सीएनएन वाहिनी काढणारे. मुद्दाम बांधून घेतलेल्या महागड्या बोटी ज्यांना परवडत होत्या, तेही आता साच्यातली बोट विकत घेऊन शर्यतीला उभे राहत होते.

या विजयांइतकेच महत्त्वाचे होते ते बोटीच्या पोटातले घर. पुढे निमुळत्या टोकात दोघांची झोपायची जागा, मधोमध समोरासमोर बाक, मागे जिन्यापाशी स्वयंपाकाचा ओटा, आणि बाजूंना कॉकपिटखाली सरकणारी अरुंद अंथरुणे. ती अरुंदच हवीत. बोट कलंडलेली असताना रुंद अंथरुणावर माणूस गडगडतो. शर्यतीत या जागा पाळीवरून सुटलेले थकलेले खलाशी वापरत, ऑगस्टमध्ये कॅटलिना बेटावर नांगर टाकला की मुले वापरत. जुन्या कॅल ४० च्या मालकांचे या बोटींवरचे प्रेम पिढीजात आहे, त्याचे कारण हे घर आहे.

साठच्या दशकात कोस्टा मेसा आणि आसपासचा परिसर बोटींचे माहेरघर झाला. कॅल, कोलंबिया, आयलँडर, पुढे वेस्टसेल, सगळे थोड्या अंतरावर. एका कारखान्यात रूळ फिरवायला शिकलेला कामगार दुसऱ्यात मुकादम होई, तर कुणी स्वतःचे दुकान थाटी.

मग नियम बदलले. वेगवेगळ्या बोटींना एकत्र शर्यतीत उतरवायचे, तर मापांवरून सवलत ठरवावी लागते. १९७० पासून त्यासाठी आयओआर हा आंतरराष्ट्रीय नियम आला. ज्या ठिकाणी मोजपट्टी लागते तिथेच बोटीला फुगवटा द्यायचा, पिछाडी चिमटायची, अशा युक्त्या आराखडाकार करू लागले. या नियमाखाली कॅल ४० जुनी ठरली आणि १९७१ मध्ये तिचे उत्पादन थांबले. तोवर शंभराहून अधिक बोटी निघाल्या होत्या. १९७३ च्या तेलसंकटात रेझिन महागले, कारण ते तेलातूनच येते. कारखाने मोठ्या उद्योगसमूहांच्या ताब्यात गेले, उत्पादन दुसऱ्या राज्यांत हलले. किनाऱ्यालगतच्या जमिनीचे भाव चढले, स्टायरीनच्या वाफांवर निर्बंध आले. १९९१ मध्ये एक लाख डॉलरवरच्या बोटींवर अमेरिकेत दहा टक्के चैनकर लागला. तो दोन वर्षांत उठला, पण तोवर अनेक कारखान्यांची कंबर मोडली होती. डबल बीच्या शेतांवर आता बाजारसंकुले आहेत.

बोटी मात्र राहिल्या. काच कुजत नाही, हा तिचा गुण. जुनी झालेली बोट टाकायची कुठे, हा प्रश्न त्याच गुणातून निघतो आणि तो आज जगभरच्या किनाऱ्यांवर गंभीर झाला आहे. पण कॅल ४० च्या वाट्याला मोडीत निघणे फारसे आले नाही. आयओआरच्या काळात पडेल भावाने मिळणाऱ्या या बोटी हौशी माणसांनी घेतल्या, आडभिंतींचे सांधे पुन्हा बांधले, नवी सुकाणू बसवली. १९८५ मध्ये ‘मॉन्टगोमेरी स्ट्रीट’ या कॅल ४० ने पुन्हा ट्रान्सपॅक जिंकली. २००३ मध्ये स्टॅन आणि सॅली हनी या दांपत्याची ‘इल्युजन’ आपल्या वर्गात पहिली आली. २००५ मध्ये तीच बोट सॅली हनी यांनी केवळ स्त्रियांचे पथक घेऊन हवाईला नेली. त्या वर्षी डझनाहून अधिक कॅल ४० एकाच रेषेवरून सुटल्या.

आणि मग ‘सिन फेन’. न्यू जर्सीच्या पर्थ अँबॉय शहरात पीटर रिबोविच यांनी ही कॅल ४० वर्षानुवर्षे सांभाळली होती, मुलांना आणि क्लबातल्या मित्रांना घेऊन ते शर्यतींना जात. २००६ च्या बर्म्युडा शर्यतीत भोवती नव्या कार्बन फायबरच्या बोटी होत्या. पण शर्यतीतला मानाचा सेंट डेव्हिड्स लाइटहाउस करंडक ‘सिन फेन’ने नेला. २००८ मध्ये ती पुन्हा आली, त्याच पोटाने, त्याच वळणांनी, आणि तो करंडक तिने दुसऱ्यांदा घरी नेला.